शंभरीला एक कमी

टोकियोहून मेल आली: छत्री हवी.
एक डोळा, एक पाय, जीभ बाहेर.
हल्ला सातशे, बचाव तीनशे.
गोंडस असावी, पण फार नको.
जिभेला चमक देऊ, खर्चात बसलं तर.

मी गिफूत राहते, कानो भागात.
इथे एके काळी घरोघरी छत्र्या वाळत घातलेल्या असत,
अंगणभर उघड्या, मांजरांना जायला वाट नसे.
आता गोशिमांचं दुकान उरलंय,
तेही दुपारी दोननंतर.
गेले. म्हटलं, छत्रीचं भूत काढायचंय.
ते हसले नाहीत.
"कुठल्या छत्रीचं?" एवढंच विचारलं.

मग दाखवलं:
एकाच बांबूच्या चिरून काढलेल्या काड्या
क्रम न मोडता पुन्हा गोल ओवायच्या,
म्हणजे मिटली की छत्री परत बांबू होते.
"एक काडी जरी इकडची तिकडे झाली
तर जन्मभर तिला मिटताना दुखतं."
जन्मभर म्हणजे किती वर्षं?
त्यांनी तेलाचा हात फडक्याला पुसला.
"माणसापेक्षा जास्त. तीच तर पंचाईत."

माणसाची शंभरी भरली की तो संपतो.
वस्तूची भरली की ती सुरू होते,
डोळा फुटतो, जीभ फुटते, राग फुटतो.
म्हणून जुनी माणसं वर्षअखेरच्या झाडलोटीत
नव्याण्णव वर्षांचं सगळं बाहेर काढत,
एक वर्ष आधी, अगदी हिशेबानं.
आणि तिथेच फसत.
उकिरड्यावर रात्री किटली म्हणे,
एवढी वर्षं पाणी तापवलं मी.
चप्पल म्हणे, मग मी काय बसून होते?

नियम नुकागा लिहितात. त्यांना कळवलं:
टाकलेल्या पानांच्या ढिगातून
ही छत्री परत यावी,
आणि जिनं टाकली तिला ओळखावी.
उत्तर रात्री दीडला आलं.
पहिलं चालेल, तीन गुण मोजून.
दुसरं नाही.
ओळख मोजता येत नाही,
आणि जे मोजता येत नाही त्यावरून मुलं भांडतात.

बरोबर आहे त्यांचं.
तरी मी बुबुळाच्या कडेला एक माणूस काढला,
पाठमोरा, रिकाम्या हातांनी घराकडे निघालेला.
छापून आला तेव्हा खसखशीएवढा.
खसखस म्हणूनच खपला.

यानागासेच्या बाजारात, छपराखाली, शनिवारी
मुलं पाकिटं फोडतात.
चमकतं ते प्लास्टिकच्या कव्हरात,
उरलेलं गल्ल्याजवळच्या खोक्यात: 'हवं ते घेऊन जा.'
त्यात माझ्या छत्र्या एकेचाळीस.
हो, मोजल्या. दुकानातल्या होरिबेबाई बघत राहिल्या,
त्यांना वाटलं असेल, ही फुकट्यांतली.
पोटात काहीतरी मिटलं,
काडी इकडची तिकडे झालेलं.

बेचाळिसावी तळाशी होती, दुमडलेली.
तिला कुणीतरी निळ्या बॉलपेननं दुसरा पाय काढलेला.
पायात बूट. बुटाची नाडी सुटलेली.
खाडाखोड केलेलं पान खेळात बाद,
तो नियमही नुकागांचाच.

मी तेच घेतलं.
घरी आल्यावर मागे तारीख लिहिली, पेन्सिलीनं,
आणि खणात ठेवलं,
गोशिमांनी दिलेल्या मोडक्या काडीशेजारी.

मी नसेन. हे टेबल तर नसेलच,
आत्ताच डुगडुगतंय.
कुणीतरी डिसेंबरात खण उपसेल,
मागची तारीख वाचेल, बोटांवर हिशेब करेल,
घाबरेल,
आणि एक वर्ष आधी फेकून देईल.

फेकू दे.
आता तिला दोन पाय आहेत.